राख, पाणी आणि मोरी : शिरूर अनंतपाळ परिसरातील भांडी घासण्याच्या रीतीचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

इतिहासलेखनात स्वयंपाकघराला स्थान मिळाले ते बऱ्याच उशिरा, आणि तेही मुख्यतः अन्नाच्या निमित्ताने. कोणते धान्य पिकले, काय शिजले, कोणी कोणाच्या पंक्तीला बसायचे नाही, याविषयी पुष्कळ लिहिले गेले. जेवणे उरकल्यावर मोरीपाशी किंवा परसात जे काम सुरू होते त्याची नोंद मात्र क्वचितच आढळते. लोकसाहित्यातही हीच स्थिती आहे. दळणाला ओवी लाभली; जात्यावरच्या ओव्यांचे मोठे संग्रह झाले, त्यांवर अभ्यास झाले. गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या नावावरील अभंगांत दळण, कांडण, झाडलोट ही कामे देवाच्या सोबतीने होतात. भांडी घासण्याला असे गाणे मिळाले नाही. हातांना जात्यासारखी एकसारखी लय नाही, धातूचा आवाज मोठा, आणि काम उष्ट्या-खरकट्याचे. या तीन गोष्टींत त्याचे कारण असावे.

प्रस्तुत लेखात लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ व त्याच्या आसपासच्या परिसराच्या अनुषंगाने या कामाचा इतिहास पाहावयाचा आहे. शिरूर अनंतपाळ हा स्वतंत्र तालुका १९९९ मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वी हे गाव निलंगा तालुक्यात होते. लातूर जिल्हाच मुळी १९८२ मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा झाला, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घरणी ही मांजरेची उपनदी या तालुक्यातून वाहते. घरणी आणि साकोळ हे दोन मध्यम प्रकल्प याच तालुक्यात आहेत. तरीही जमिनीखाली बसाल्टचा काळा खडक असल्याने पावसाचे पाणी मुरते थोडे आणि टिकते त्याहून थोडे. पौष-माघ सरला की विहिरीचा तळ दिसू लागणे, ही येथील पिढ्यान्‌पिढ्यांची ओळखीची गोष्ट आहे.

या पार्श्वभूमीवर असे म्हणता येईल की, येथील भांडी घासण्याची जुनी रीत ही मूलतः कोरडी रीत होती. तिचा आधार पाणी नसून राख हा होता. चूल गेली तशी राख गेली. ओट्यावरचे सिंक आले ते नळाच्या वाहत्या पाण्याची अपेक्षा घेऊन. पाणी मात्र त्या अपेक्षेप्रमाणे आले नाही. या विसंगतीचा भार घरातील कोणाच्या अंगावर पडला, हा या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

घासणे आणि धुणे

भाषेपासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. मराठीत कपडे धुतात, भांडी घासतात. ‘धुणी-भांडी’ हा जोडशब्द रूढ असला तरी त्यातील ‘धुणी’ म्हणजे कपडेच. भांड्यांसाठी क्रियापद ‘घासणे’ हेच. पाण्याचा संबंध त्यानंतर, ‘विसळणे’ या दुय्यम क्रियेत येतो. काम दोन टप्प्यांचे आहे आणि त्यातला मोठा टप्पा घर्षणाचा आहे, हे भाषेने नेमके टिपले आहे.

प्रत्यक्ष रीत अशी होती. खरकटे आधी हाताने निपटून काढायचे. पहिल्या थोड्या पाण्याने भांडी ओलवायची. अन्नाचे कण असलेले ते पाणी म्हशीच्या किंवा गाईच्या टोपल्यात जायचे. मग चुलीतील चाळलेली राख, चिंधी किंवा वाळलेल्या दोडक्या-घोसाळ्याची जाळी घेऊन भांडे आतून-बाहेरून घासायचे. फारच चिकट असेल तर राखेत थोडी माती किंवा विटकरीची भुकटी मिसळायची. घासलेली सर्व भांडी एका बाजूला रचून शेवटी एकाच बादलीत किंवा घमेल्यात विसळायची, आणि पालथी घालून उन्हात ठेवायची. पहिल्या विसळणीचे गढूळ पाणी पुढच्या फेरीच्या खरकट्या भांड्यांसाठी राखून ठेवणाऱ्याही अनेक जणी असत.

राखेचे कार्य केवळ खरवडण्याचे नव्हते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम व कॅल्शियमचे कार्बोनेट असतात. ओल्या राखेला त्यामुळे अल्कधर्म येतो, तेला-तुपाचा काही अंश साबणासारखा होऊन सुटतो आणि उरलेला राखेच्या कणांना चिकटून निघतो. गोवरीच्या राखेत सिलिका अधिक असल्याने ती घासण्यास जास्त धारदार. या भागात जळण म्हणून तुराट्या, पळाट्या, ज्वारीची धसकटे आणि गोवऱ्या वापरात असत, म्हणजे शेतातून आलेली वस्तू चुलीवाटे मोरीत आणि मोरीतून पुन्हा उकिरड्यावाटे शेतात जात असे. स्निग्ध पदार्थ राखेने शोषून घेतल्यामुळे विसळण्यास पाणी थोडे लागे. साबणाचा फेस मात्र पाण्यानेच काढावा लागतो, आणि एका पाण्याने तो निघत नाही. पुढील सर्व बदलांचे मर्म या एका साध्या फरकात आहे.

भांड्यांची संख्याही बेताची होती. ज्वारीच्या भाकरीचा तवा रोज घासला जात नाही. तो नुसता पुसून ठेवतात. पीठ मळण्याची लाकडी काठवट खरवडून कोरडी करायची; तिला पाणी जास्त लागले तर ती तडकते. भाकरी दुरडीत राहते आणि कोरड्यास असले तर ते भाकरीवरच घेता येते. कोरडवाहू मुलखाची खाद्यपद्धती आणि तेथील भांडी घासण्याची पद्धती एकमेकींना धरून होत्या, ही बाब अन्नाच्या इतिहासकारांनी जितकी लक्षात घ्यावयास हवी तितकी घेतलेली नाही.

धातू बदलले

मातीच्या भांड्यांची उतरंड बहुतेक घरांत होतीच. पितळ आणि तांबे हे ऐपतीचे लक्षण होते. पितळी भांड्यात चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते. म्हणून आतून कल्हई आवश्यक. कल्हईवाला, जो बहुतांशी मुस्लीम कारागीर असे, गावात येऊन भाता मांडायचा. भांडे तापवून त्यात नवसागर टाकला की धातूवरचा गंज सुटतो, आणि कथलाचा तुकडा फिरवून कापसाने पुसला की पांढरा चकचकीत थर बसतो. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने गावातल्या कोळशाच्या भट्टीवर हे काम होऊ शकत असे. हा थर नाजूक असतो. त्यामुळे कल्हईच्या भांड्याला आतून वाळू किंवा विटकर लावायची नाही, मऊ राखच लावायची, आणि बाहेरून मात्र चिंचेचा कोळ व मीठ, असा दुहेरी नियम सासूकडून सुनेकडे जात असे. घासण्याचे हे ज्ञान म्हणजे एक प्रकारे धातूंचेच ज्ञान होते. त्याला कोणी तसे नाव दिले नाही, एवढेच.

या भांड्यांचे एक वेगळे मोल इतिहासाच्या अभ्यासकाला आहे. आहेरात किंवा रुखवतात आलेल्या भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालण्याची पद्धत सर्वत्र आहे. देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे नाव, गाव, पुष्कळदा लग्नाची तारीख त्यावर असते. गावोगावच्या स्त्रियांची नावे ज्यांवर तारखेसह कोरली गेली अशा वस्तू दुसऱ्या फारशा नाहीत. मात्र ज्या हाताने ते भांडे रोज घासले त्याच हाताने ते नाव हळूहळू पुसटही केले.

अल्युमिनियमचे आगमन यानंतरचे. भारतात अल्युमिनियमच्या भांड्यांचा उद्योग १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या प्रयत्नाने सुरू झाला. मराठवाड्यात या धातूला ‘जर्मन’ म्हणतात आणि ते नाव आजही टिकून आहे. ‘जर्मन’चे पातेले स्वस्त व हलके, त्याला कल्हई नको, पण राखेच्या अल्काने ते काळवंडते आणि त्याला चिंचेने पितळेसारखी झळाळी येत नाही. राखेचे राज्य पहिल्यांदा उणे झाले ते या धातूमुळे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली आणि १९१७ मध्ये गंजगोलाईची आखणी झाली. त्यानंतर लातूर ही या टापूची मोठी बाजारपेठ बनली. पुढे याच रेल्वेमार्गाचा उल्लेख वेगळ्या संदर्भात करावा लागणार आहे.

स्टेनलेस स्टीलने उरलेले काम पूर्ण केले. १९७२ च्या दुष्काळासारख्या काळात पितळी भांडी मोडीत घालणे हा अनेक कुटुंबांचा शेवटचा आधार असे, आणि एकदा मोडीत गेलेले पितळ सुस्थिती आल्यावर बहुधा स्टीलच्या रूपानेच घरी परतले. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीनेही स्टील घरोघर पोचविले. स्टील कळकत नाही, त्याला कल्हई लागत नाही, चिंच लागत नाही. कल्हईवाल्याचा भाता थांबला तो येथे. भांडी मात्र वाढली : वाट्या, पेले, ताटल्या, डबे. एकेक भांडे घासायला सोपे झाले, आणि घासायची भांडी कितीतरी पटीने झाली.

शुद्धी कोणासाठी

भांड्यांच्या स्वच्छतेचे नियम धर्मशास्त्रानेही सांगितले आहेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, कांसे, पितळ, कथील, शिसे यांची शुद्धी क्षार, आम्ल आणि पाणी यांनी यथायोग्य करावी असे विधान आहे. क्षार म्हणजे राख, आम्ल म्हणजे चिंचेसारखा आंबट पदार्थ; मराठवाड्यातील मोरीत जे चालत आले त्याचेच हे शास्त्रीय रूप. परंतु त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात काही माणसांना ‘अपपात्र’ ठरविले आहे. त्यांनी वापरलेले भांडे कोणत्याही रीतीने शुद्ध होत नाही, असा त्याचा अर्थ. क्षाराची आणि आम्लाची शक्ती जातीपाशी येऊन संपत होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे या ग्रंथाचे दहन झाले. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले होते. पाणी आणि पात्र हे दोन्ही प्रश्न एकाच वर्षी ऐरणीवर यावेत, हे केवळ योगायोगाने घडलेले नाही.

गावाच्या विहिरीवर ज्यांना घागर बुडविता येत नव्हती त्यांच्या घरी पाण्याची काटकसर ही रीत नव्हती, सक्ती होती. राखेच्या कोरड्या पद्धतीचे गुणगान करताना हे विसरून चालणार नाही. तिच्यात हुशारी होती तशीच लाचारीही होती. दुसऱ्याच्या घरची भांडी घासणाऱ्या स्त्रीला त्याच घरात वेगळ्या कपात चहा मिळावा, हा प्रकारही फार जुना झालेला नाही. जनगणनेच्या वर्गीकरणात स्वतःच्या घरची भांडी घासणारी स्त्री ‘बिगर कामगार’ ठरते, आणि तेच काम चार घरी मजुरीवर करणारी कामगार. अशा घरकामगार स्त्रियांसाठी महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा होण्यास २००८ हे साल उजाडावे लागले.

ओटा आणि सिंक

माळवदाच्या घरात भांडी घासण्याची जागा स्वयंपाकघरात नव्हती. परसातील एखादा सपाट दगड, न्हाणीचा कोपरा किंवा वाड्याच्या चौकातील मोरी ही ती जागा. काम उकिडवे किंवा पाटावर बसून करायचे. शहाबादी फरशी आल्यावर मोरी गुळगुळीत झाली. बैठक तीच राहिली.

उभ्याने काम करावयाचे स्वयंपाकघर ही कल्पना दुरून आली. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुकार स्त्रीने फ्रँकफुर्ट शहरातील कामगार वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखले त्यात ओटा, फडताळे आणि सिंक हाताच्या अंतरावर होते. स्त्रीचे श्रम वाचविणे हा त्यामागील हेतू होता, आणि घरात नळाचे पाणी आहे हे गृहीत धरलेले होते. मुंबई-पुण्याच्या सदनिकांतून हीच मांडणी पुढे जिल्ह्याच्या गावी आणि तेथून तालुक्याच्या गावी पोचली.

लातूर-धाराशिवच्या टापूत या बदलास एका आपत्तीने गती दिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींची घरे कोसळली आणि हजारो माणसे त्याखाली गेली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे बांधण्यात आली. माळवद आणि चौक यांवरचा विश्वास केवळ त्या ५२ गावांतच नव्हे, तर निलंगा-शिरूर भागातही डळमळला. सिमेंटचे घर हे सुरक्षिततेचे दुसरे नाव झाले. नव्या आखणीच्या घरात परस आक्रसला आणि भांडी घासण्याची जागा आत आली. योगायोग असा की भांडी घासण्याच्या साबणाची ‘विम’ वडी भारतीय बाजारात आली ती याच १९९३ सालात.

सिंकने काय दिले हे नाकारण्याचे कारण नाही. कंबर आणि गुडघे वाचले. पाऊस, ऊन, थंडी यांतून सुटका झाली. बाळंतीण असो की म्हातारी, तिला परसात वाकून बसावे लागत नाही, ही गोष्ट लहान नव्हे. पण सिंकमध्ये राख चालत नाही. ती नळीत बसून पाणी तुंबवते. साबणाचे पाणी जनावराला पाजता येत नाही. त्यामुळे जे पाणी पूर्वी म्हशीच्या टोपल्यात किंवा केळीच्या आळ्यात जायचे ते रस्त्याकडेच्या उघड्या गटारात जाऊ लागले. २०००-०१ पासूनच्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात आणि नंतर नांदेड जिल्ह्यात सांडपाण्यासाठी शोषखड्ड्यांची जी मोहीम झाली, जिच्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाचे नाव विशेष गाजले, तिचे एक मूळ स्वयंपाकघराच्या या नव्या नळीत शोधावे लागते.

सात लिटरचा हिशेब

शासनाने घरगुती पाण्याचे मापदंड ठरविले त्यांत भांड्यांचा वाटा वेगळा दाखविलेला आहे. शहरी माणसासाठी भारतीय मानकात दररोज १३५ लिटर गृहीत धरले असून त्यांत भांडी घासण्यासाठी १० लिटर व घर धुण्यासाठी १० लिटर आहेत. ग्रामीण भागासाठी १९७२-७३ मध्ये सुरू झालेल्या वेगवर्धित पाणीपुरवठा कार्यक्रमाचा मापदंड माणशी ४० लिटरचा होता, आणि त्यात भांडी व घर या दोहोंसाठी मिळून ७ लिटर. शहराला २० आणि खेड्याला ७. खेड्यातले भांडे कमी मळते असे कोणी म्हणणार नाही. मापदंड ठरविणाऱ्यांनी खेड्यात राख आहे हे गृहीत धरले होते, असाच या आकड्याचा अर्थ लावावा लागतो. निदान त्या आकड्यात काम भागण्यास राखेखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

पाच माणसांच्या घराला या हिशेबाने ३५ लिटर, म्हणजे डोक्यावरचे सुमारे तीन हंडे केवळ भांडी आणि सारवण-पुसण यांसाठी. हे हंडे आणणारी आणि भांडी घासणारी व्यक्ती बहुधा एकच असते. म्हणून भांड्यावर अधिक ओतलेला प्रत्येक तांब्या तिला आधी वाहून आणावा लागतो. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामांत भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे अनुक्रमे २८९ व ८८ असे आले. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांची नऊ.

२०१६ चा उन्हाळा

सलग अवर्षणानंतर २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. लातूर शहरात पाणवठ्यांभोवती जमाव होऊ नये म्हणून जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. नंतर पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. ज्या बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गाने एकेकाळी बाजाराचा माल या भागात आला, जवळजवळ त्याच मार्गाने, आता रुंद झालेल्या रुळांवरून, पाणी आले. गाडी शहरासाठी होती. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यांतील गावांची भिस्त टँकर आणि अधिग्रहित विहिरी यांवर होती.

पाण्याच्या गाडीनंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, १ मे २०१६ रोजी, उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. गरीब घरांतील चुलीच्या धुरापासून स्त्रियांची सुटका व्हावी हा तिचा उद्देश रास्तच होता, आणि धुराने डोळे व छाती गमावलेल्या पिढ्यांकडे पाहता त्याविषयी दुमत असू नये. तथापि, गॅसच्या शेगडीला राख नसते. ज्या उन्हाळ्यात या जिल्ह्याला पाण्याविना भांडी घासण्याची गरज सर्वाधिक होती, त्याच उन्हाळ्यात त्या रीतीचे साधन घरातून जाण्याची देशव्यापी सुरुवात झाली. इंधनाचा विचार एका खात्याने केला, पाण्याचा दुसऱ्याने, घराच्या नकाशाचा तिसऱ्याने. तिन्ही एकत्र येतात ते ठिकाण मोरी, आणि तेथे कोणतेच खाते बसलेले नव्हते.

टंचाईच्या काळात घरोघर जे घडले त्याला केवळ जुन्याकडे परतणे म्हणता येत नाही. सिंक कोरडे राहिले. त्यात किंवा त्याखाली घमेले ठेवून भांडी विसळली गेली आणि ते पाणी पुढे शौचालयात किंवा झाडाला गेले. ताटांऐवजी पत्रावळी आणि कागदी द्रोण आले. चूल ज्यांनी मोडली नव्हती त्यांची राख शेजारणींनी मागून नेली. जिथे ती नव्हती तिथे साबणाच्या वडीचा वापर हात राखून होऊ लागला. वडी महाग होती असे नाही, तिचा फेस काढायला पाणी नव्हते.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसाचा मापदंड ५५ लिटरवर नेला आणि घरोघरी नळजोडणीचे उद्दिष्ट ठेवले. नळ बसला म्हणजे रोज पाणी आले असे मराठवाड्यात होत नाही; ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येते आणि भरून ठेवावे लागते. त्यामुळे या भागातील पुष्कळ स्वयंपाकघरांत आज एक वेगळीच मांडणी दिसते. ओट्याला स्टीलचे सिंक आहे, सिंकवर तोटी आहे, आणि सिंकच्या बाजूला झाकण घातलेले पाण्याचे पिंप व त्यावर एक मग आहे. घरातील स्त्री एका हाताने मगातील पाणी ओतते आणि दुसऱ्या हाताने भांडे विसळते. दोन्ही हात घासण्यासाठी मोकळे ठेवणारी बसून काम करण्याची जुनी बैठक गेली. हात न गुंतवणारी वाहती धार अद्याप यायची आहे.